थेंबांबरोबर पापण्याही बघा

डोळे कोरडे पडत असतील तर 'दर तासाला थेंब टाकत राहा' असा सल्ला दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड (थेंब टिकावेत म्हणून घातलेलं रसायन, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह) असेल तर वारंवार वापराने तेच डोळ्यांना झोंबू लागतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या, महाग पडले तरी.

आणि पापण्यांबद्दल कुणी बोलतच नाही. पुष्कळदा पाणी कमी नसतंच. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल घट्ट होऊन अडकतं आणि अश्रू भराभर उडून जातात. आईचे डोळे उलट सारखे वाहायचे, त्यामुळे कोरडेपणा आहे हे तिला पटेना. डॉक्टरांनी पापणी दाबली तेव्हा टूथपेस्टसारखा पांढरा द्राव आला. आता रोज रात्री ती गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं धरते, मग कडेकडे हलका मसाज. फरक पडायला आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.