वूली बगर: हॅकल सुटतं, शेपूट गुंडाळतं, डोळा बुजतो

रॅरिटनकाठ

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आम्ही काही मराठी घरांतले लोक शनिवारी एकत्र बसून फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेलं माशाचं नकली खाद्य, बांधतो आणि रविवारी पहाटे रॅरिटन नदीच्या साउथ ब्रँच या फाट्यावर ट्राउट माशांसाठी जातो. सध्या सगळ्यांच्याच व्हाइसवर (गळ धरायच्या शिकंज्यावर) वूली बगर हा फ्लाय आहे. ८ नंबरचा, ३एक्स (नेहमीपेक्षा) लांब दांडीचा गळ, शेपटाला काळा मॅराबू (मऊ, फुलणारं पीस), अंगाला ऑलिव्ह शेनील (केसाळ दोरा), त्यावर गुंडाळायला काळं सॅडल हॅकल (कोंबड्याचं लांब पीस). बाकी काही घालत नाही. दिसायला छान होतात, पण पाण्यात टिकत नाहीत.

एक-दोन ट्राउट लागले की हॅकल उलगडून लोंबायला लागतं. फेकताना शेपूट गळाच्या बाकाला गुंडाळतं. शेवटची गाठ मारायला जागाच उरत नाही आणि गळाचा डोळा, म्हणजे दोरी ओवायचं छिद्र, दोऱ्याने नि सिमेंटने (गाठीवर लावायच्या चिकट द्रावणाने) बुजतो. शिवाय दोरा मधेच तुटतो, तोही फारसा जोर न लावता.

आणखी एक विचारायचं होतं. दिवाळीनंतर पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. शेनीलऐवजी मोरपिसाचं अंग करून बघायचंय, तर पिसं त्यांच्याकडून मागवावीत का? तिकडे सहज मिळतात.

पीसदोरा

तुमच्या यादीत तार नाही, म्हणून हॅकल सुटतं. अंगावर गुंडाळलेलं हॅकल म्हणजे एकच लांब देठ. ट्राउटच्या दाताने तो एका ठिकाणी जरी कापला तरी सगळे वेढे मोकळे होतात. बारीक तांब्याची तार त्याच्यावरून आडवी गेली की देठ पाच-सहा ठिकाणी दाबला जातो, मग एखादा वेढा तुटला तरी बाकीचे जागच्या जागी राहतात.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, तेही व्हाइसमध्ये लावायच्या आधी. गळ ठिसूळ असेल तर तो तेव्हाच मोडेल, तासभर बांधून झाल्यावर नाही. मग वजनासाठी ०.०२० इंची शिसेविरहित तारेचे १२ वेढे दांडीच्या पुढच्या अर्ध्या भागात द्या. डोळ्याच्या मागे मात्र दोन डोळ्यांएवढी दांडी उघडी सोडा. तुमचा डोळा बुजतो तो इथेच, बांधायला सुरुवात करतानाच. ही जागा शेवटपर्यंत कुणालाही द्यायची नाही, शेनीललाही नाही.

दोरा १४० डेनियरचा (डेनियर हे जाडीचं माप) घ्या. मॅराबूचं शेपूट दांडीएवढंच लांब ठेवा. त्याचे बुडखे लगेच कापू नका. वजनाच्या तारेपर्यंत दांडीवर आडवे झोपवून त्यावर दोरा फिरवा आणि तिथे कापा. शेपटाशीच कापलेत तर तिथे खड्डा आणि पुढे टेकाड होतं, आणि शेनील त्या टेकाडावरून घसरतं.

शेपटाच्या मुळाशी तांब्याची तार आणि शेनील बांधा. शेनीलच्या टोकाचे ५ मिलिमीटर केस नखाने ओरबाडून काढा आणि आतला नुसता दोरा बांधा, म्हणजे गाठ फुगत नाही. दोरा पुढे आणा, शेनील लागून-लागून गुंडाळत त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे थांबवा, तीन-चार घट्ट वेढे देऊन कापा.

आता हॅकल. ते पुढे बांधा, देठाच्या जाड बाजूने. पिसाची मंद, खोलगट बाजू शेपटाकडे असू द्या, म्हणजे केस मागे झुकतात. केसांची लांबी गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडीतल्या अंतराच्या) दीडपट. डोळ्याशी दोन वेढे एकमेकांना लागून, मग मागे जाताना पाच-सहा विरळ वेढे. शेपटापाशी पोचलात की हॅकल पक्कडीने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने तारेचा पहिला वेढा त्या टोकावर टाका. टोक तिथेच अडकलं. मग तार हॅकलमधून पुढे आणा. हॅकल पुढून मागे गेलंय आणि तार मागून पुढे येतेय, त्यामुळे दोन्ही एकाच दिशेने फिरवलीत तरी एकमेकांना छेदतात. तार ओढताना डावी-उजवी हलवत आणा, म्हणजे केस खाली दबत नाहीत. पुढे दोऱ्याने पक्की करा आणि वाकवून-वाकवून तोडा. कात्रीने तार कापू नका, कात्रीची धार जाते.

बाकदार

पीसदोरा यांचं बरोबरच आहे, पण हॅकल मागून, टोकाने बांधायची जुनी रीतही चालते. नवशिक्यांना ती सोपी जाते, कारण टोक हवेत धरून तार फिरवावी लागत नाही. फक्त त्यात हॅकल आणि तार दोन्ही मागून पुढे येतात, म्हणून तार उलट्या दिशेने फिरवायलाच हवी. एकाच दिशेने फिरवली तर ती हॅकलच्या शेजारून जाते आणि काहीच धरत नाही. उलट फिरवलेली तार दोऱ्याच्या वेढ्यांनी सैल व्हायला बघते, तेव्हा तिच्यावर सहा तरी घट्ट वेढे हवेत.

दोरा जोर न लावता तुटतो तेव्हा दोनच ठिकाणी बघायचं. एक, बॉबिनच्या (दोऱ्याचं रीळ धरायच्या हत्याराच्या) नळीचं तोंड. त्यातून कापसाचा पीळ फिरवा. तंतू अडकले तर नळीला चर पडलाय, बॉबिन बदला. दुसरं, गळाचं टोक. शेपूट बांधताना दोरा त्याला घासतो आणि अर्धा कापला जातो, तुटतो मात्र चार वेढ्यांनंतर, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

शेपूट गुंडाळण्याचं बहुतेक कारण लांबी. लांब असेल तर कात्री लावू नका, टोकं बोथट होतात आणि पाण्यातली ती हालचाल मरते. अंगठा आणि तर्जनीच्या नखांत चिमटून तोडा. दुसरं कारण विरळपणा. ओलं करून बघा, आगपेटीच्या काडीहून थोडं जाड दिसलं पाहिजे. तिसरं कारण फेकण्यात आहे. वजनदार फ्लाय सुक्या (पाण्यावर तरंगणाऱ्या) फ्लायसारखा, हवेत दोरीचा अरुंद लूप (वळसा) करून झटक्यात फेकला की टोकाला झटका बसतो आणि शेपूट उलटं फिरतं. लूप रुंद ठेवा, मागे दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबा, खोट्या फेकी (पाण्यावर न टेकवता हवेतच मागे-पुढे) एक-दोनच.

शेवटची गाठ पाच वेढ्यांची, दोनदा. सिमेंट सुईच्या टोकाने एकच थेंब, आणि ते ओलं असतानाच टाकाऊ हॅकलचं एक पीस डोळ्यातून आरपार ओढून काढा.

रानपाखरू

मोरपिसं मागवू नका. भारतात मोराची आपोआप गळलेली पिसं बाळगायला सूट आहे, पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे. प्रवाशाच्या बॅगेतलं एखाद-दुसरं पीससुद्धा त्यात आलं. विमानतळावर आई-बाबांना उगाच मनस्ताप. अमेरिकेतल्या फ्लायच्या दुकानात मोरपिसाच्या काड्या मिळतात, तीच घ्या.

हाच नियम राखी रानकोंबड्याच्या पिसांनाही लक्षात ठेवा. मानेवरची ती मेणासारखी चमकणारी, नखाच्या आकाराची ठिपकेदार पिसं सॅल्मन माशासाठीच्या फ्लायच्या गालाला डोळा म्हणून लावतात, त्यामुळे जगभर त्यांना मागणी असते. तो पक्षी आपल्या सह्याद्रीतला आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. गावाकडून कुणी "सहज मिळालं" म्हणून दिलं तरी घेऊ नये. बाजारात पाळीव पक्ष्यांची पिसं मिळतात. ती महाग असतात, पण तीच घ्यावीत. बगरला तर त्यांची गरजच नाही.

मोरपिसाचं अंग करणार असाल तर पाच-सहा तंतू एकत्र घ्या. टोकाकडचा ठिसूळ इंचभर आधी तोडून टाका आणि तंतू दोऱ्याभोवती पिळून मग गुंडाळा. नुसते गुंडाळलेत तर पहिल्याच ट्राउटला तुटतील.

रॅरिटनकाठ

मनापासून धन्यवाद! बाबांना आत्ताच फोन करून पिसं नको म्हणून कळवतो. आमचे सगळे बगर तारेशिवायचे आहेत, ते उसवून पुन्हा बांधू. एक राहिलं: याला टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक दोरा) केवढा आणि गाठ कुठली? आत्तापर्यंत ५एक्स आणि नेहमीची क्लिंच वापरतोय.

पीसदोरा

५एक्स फार बारीक (टिपेटच्या एक्सचा आकडा जेवढा मोठा, तेवढा तो बारीक). गळाच्या नंबराला ३ ने भागा, साधारण तेवढा एक्स येतो, म्हणजे ८ नंबरला ३एक्स. पाणी गढूळ असेल तर २एक्स बेलाशक. साडेसात फुटी लीडर (जाड दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता दोरा) पुरतो. क्लिंचने फ्लाय ताठ धरला जातो, त्याऐवजी न सरकणारी लूप गाठ मारा, लूप अर्ध्या सेंटिमीटरचा, म्हणजे ओढून थांबलं की डोकं खाली झुकतं आणि मॅराबू फुलतो. बहुतेक ट्राउट त्या थांब्यातच घेतात. घेतलं की काठी वर झटकू नका, डाव्या हाताने दोरी सरळ ओढा. चुकलं तरी फ्लाय त्याच्यासमोरच राहतो.

हा फ्लाय पेनसिल्व्हेनियात १९६७ मध्ये रसेल ब्लेसिंग यांनी बांधला, तो स्मॉलमाउथ बास या माशासाठी, दगडाखालच्या हेलग्रामाइट या पाण्यातल्या अळीची नक्कल म्हणून. त्यामुळे ट्राउट घेईनासे झाले तरी तो डबीतून काढू नका, त्याच पेटीतले बगर बासला चालतात.

बाकदार

जुलै-ऑगस्टमध्ये तर बासच बघा. खिशात थर्मामीटर ठेवा, पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की ट्राउटवर फेकणं थांबवा. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजून थकलेला ट्राउट सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरतो. सकाळी मापलंत तर दहा वाजता पुन्हा मापा.