राज्य भूमिगत होतं का?

खडीसाखर: २७ सप्टेंबरवर एक टिपण लिहितेय. १९३९ साली याच तारखेला, पोलंडची राजधानी वॉर्सा जर्मनांना शरण जायच्या आदल्या दिवशी, पोलिश सैन्याधिकाऱ्यांनी गुप्त संघटना उभारली. तिथल्या संसदेने १९९८ मध्ये तो स्मरणदिन ठरवला. नावात 'पान्स्त्वो पोद्झेम्ने' आहे, म्हणजे 'भूमिगत राज्य'. पण मराठीत भूमिगत होतो तो माणूस, नाहीतर गटार. अख्खं राज्य कसं होणार?

बोरूबहाद्दर: एवढं काय अडलंय? 'प्रतिसरकार' लिहा. साताऱ्याचं, नाना पाटलांचं.

खडीसाखर: तेच नको. यांचं मूळ सरकार परागंदा होऊन लंडनला होतं आणि त्याचा प्रतिनिधी देशात लपून कारभार बघायचा. न्यायालयं होती, कॉलेजचे वर्ग लोकांच्या घरात भरायचे. अधिकृत सरकार हेच, मग 'प्रति' कुणाला?

मोडीमास्तर: 'गुप्त राज्ययंत्रणा' म्हणा. 'भूमिगत' हे अंडरग्राउंडचं कलम आहे.

तिरफळ: पोलिशही तसंच की! पोद म्हणजे खाली, झेम्या म्हणजे जमीन. गंमत म्हणजे झेम्या, फारसी जमीन आणि संस्कृत क्ष्मा एकाच कुळातले. 'जमिनीखालचं राज्य' जास्त जवळचं.

मोडीमास्तर: फारसी कशाला घुसवता?

तिरफळ: 'सरकार' कुठलं, मास्तर?

बोरूबहाद्दर: आमची आजी वाळव्याची. भूमिगत-बिमिगत कधी म्हणाली नाही. 'तुजं आजोबा तवा रानात हुतं', बस्स.

खडीसाखर: अहो, पोलंडमध्येही छापामारांना 'जंगलातली पोरं' म्हणायचे! पण वॉर्सात रान कुठलं? आणि दुसरा घोळ, 'आर्मिया क्रायोवा'. १४ फेब्रुवारी १९४२ ला या भूमिगत राज्याच्या सैन्याला दिलेलं नाव. इंग्रजी 'होम आर्मी'वरून 'गृहसेना' केलं तर होमगार्ड वाटतात.

तिरफळ: क्राय म्हणजे देश ना? देशसेना करा.

बोरूबहाद्दर: रानावरून आठवलं. 'पत्री सरकार' हे नाव तळपायाला पत्रे ठोकायचे म्हणून पडलं.

मोडीमास्तर: छे! 'प्रति'चा अपभ्रंश आहे तो.

बोरूबहाद्दर: हे आमच्या गावच्या पारावर येऊन सांगा.

खडीसाखर: टिपण उद्या सकाळी द्यायचंय हो!

मोडीमास्तर: 'टिपण' का? 'टिप्पण' हवं.