प्रतिसाद: रोझ इंजिनवर नक्षी चपटी का येते

रोझ इंजिन म्हणजे लाकडावर नक्षी कोरणारं लेथ यंत्र. त्यात रोझेट, म्हणजे खाचा असलेल्या कडेची चकती, फिरते. तिच्या कडेला फॉलोअर हा टेकू लागतो, स्प्रिंग दोघांना टेकवून ठेवते आणि हेडस्टॉक, म्हणजे लाकूड फिरवणारा भाग, खाचांप्रमाणे डोलतो. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) रोझेटवर खाचेच्या जागी नक्षी चपटी येते, अशी मूळ तक्रार आहे, म्हणून स्प्रिंग बदलायचा सल्ला वर दिलाय. तो लगेच अमलात आणू नका. आधी मशीन बंद ठेवून फॉलोअर खाचेच्या तळाशी आणा आणि मधे कागदाची पट्टी सरकवा. पट्टी सैल फिरली, तर फॉलोअरची गोलाई खाचेपेक्षा मोठी आहे. तो दोन्ही कडांवर टेकतो, तळाशी पोचतच नाही. स्प्रिंग कितीही ताणा, फरक पडणार नाही. लहान बेअरिंग किंवा घासून निमुळता केलेला पितळी फॉलोअर लावा.

पट्टी घट्ट धरली गेली, तर दोष वेगाचा. स्पिंडल (लाकूड धरून फिरणारा दांडा) मिनिटाला दोन-तीन फेऱ्यांवर आणा. कटर मात्र वेगळ्या मोटरवर जोरात फिरू द्या. ती मोटर डोलणाऱ्या हेडस्टॉकवर अजिबात बसवू नका, थरथर थेट लाकडात उतरते. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक केली, तर रोझेटच्या चढावर स्पिंडल फिरवणारा बेल्ट घसरतो आणि तिथेच कटर रेंगाळून डाग पाडतो.

हेडस्टॉकच्या खालच्या पिव्हटमधला (ज्यावर तो डोलतो त्या सांध्यातला) प्ले, म्हणजे सैलपणाही हाताने हलवून तपासा. रोझेटच्या कडेला पातळ सुपरग्लू मुरवून ३२० नंबरच्या पेपरने घासली, की ती लवकर झिजत नाही.