चेतापेशींचं मॉडेल ३०० रुपयांत: काय वापरू, कोणत्या पेशी घेऊ?

परळकर_११: अकरावी सायन्स, सोमवारी प्रदर्शन. कार्यानुसार संवेदी (संवेदना आणणाऱ्या), प्रेरक (स्नायूंना हुकूम देणाऱ्या), सहयोगी (मधला दुवा) आणि रचनेनुसारचे प्रकार, दोन्ही दाखवायचेत. बजेट ३००, बोर्डासकट.

काचपट्टी: मॉडेल कशाला? प्रिन्सेस स्ट्रीटवरून मज्जारज्जूच्या आडव्या छेदाची तयार स्लाइड आण. ४०० पटीत बहुध्रुवी, म्हणजे अनेक फाट्यांच्या, प्रेरक पेशी छान दिसतात. मायक्रोस्कोप लागेल, अर्थात.

खटपट्या: ३०० मध्ये मायक्रोस्कोप, वा! थर्माकोलचे गोळे घे आणि लोहार चाळीतून १ चौरस मिमीची बहुतारी वायर. टोक सोलून तारा फाकवल्या की वृक्षिका, म्हणजे पेशीचे आखूड फाटे, तयार. मायलिनला, म्हणजे लांब तंतूवरच्या आवरणाला, ३ सेंमीचे स्ट्रॉचे तुकडे, मध्ये २-३ मिमी फट. ती फट म्हणजे रॅनव्हिएचा नोड, आवरणातली मोकळी जागा; सलग नळी घातलीस तर मार्क गेले. स्प्रे पेंट थेट नको, त्यातल्या द्रावकाने गोळा विरघळतो. आधी फेव्हिकॉलचा हात, वाळला की पोस्टर कलर.

नियमावली: थर्माकोलची सजावट आणि प्लास्टिकचे स्ट्रॉ २०१८ पासून राज्यात बंद आहेत. कुणी वाचतं का?

ध्रुवतारा: मुद्द्यावर या. रचना म्हणजे पेशीकायातून (पेशीचा मुख्य गोळा) किती प्रवर्ध (फाटे) निघतात ते: एक तर एकध्रुवी, दोन तर द्विध्रुवी, अनेक तर बहुध्रुवी. संवेदी म्हणजे एकध्रुवी असं सरसकट लिहू नकोस. नाकातल्या गंधाच्या पेशी संवेदी आणि द्विध्रुवी. दृष्टिपटलातल्या द्विध्रुवी पेशी मात्र मधल्या दुव्याचं काम करतात. त्वचेकडून येणाऱ्या पेशी आभासी एकध्रुवी. गर्भात त्या द्विध्रुवी असतात, मग दोन्ही प्रवर्ध मुळाशी जुळून एकच देठ उरतो. तो पुढे फुटतो: एक शाखा त्वचेकडे, दुसरी मज्जारज्जूकडे. म्हणून गोळा तारेत ओवायचा नाही, बाजूला देठाला लावायचा. बहुतेक मॉडेलं इथेच फसतात.

खटपट्या: देठाला जाड तार घे, नाहीतर गोळा मान टाकतो.

गिरगाव_चाळ: +१ थर्माकोल. वायर लोहार चाळीतूनच.

नियमावली: वर काय लिहिलंय?

काचपट्टी: आणि प्रमाणाचं काय? १०० मायक्रॉनचा पेशीकाय ५ सेंमीचा केला, तर पावलापर्यंत जाणारा मीटरभर अक्षतंतू (पेशीचा लांब तंतू) ५०० मीटरचा होईल. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची जवळजवळ अर्धी फेरी!

ध्रुवतारा: खाली ‘प्रमाणात नाही’ लिही, झालं.

परळकर_११: आभार. थर्माकोल नाही, स्लाइडही नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बटणं आणि लोकर, मायलिनला कागदाच्या नळ्या. आभासी एकध्रुवीचं बटण देठाला लावलंय. आतापर्यंत ९० रुपये.

काचपट्टी: स्लाइडच बरी होती.