उंदराला लुळं करून कुणाचं पोरगं चाललं?

गंगापूररोडकर: काल इथेच एकाने लिहिलं, "उंदरांचे जीन बिघडवायचे, त्यांना लुळं करायचं आणि संशोधनाचे पेपर छापायचे. याने आजवर एक तरी पोरगं चाललं का?" वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. हो, चाललं. एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, या जनुकातल्या दोषाने स्नायू लुळे करणाऱ्या आजाराची कितीतरी मुलं आज बसतात, काही चालतात. हा आजार एसएमएन१ जनुक बिघडल्याने होतो. माणसात त्याची दुबळी जोड एसएमएन२ असते, उंदरात एसएमएन जनुक एकच. ते काढलं की गर्भच टिकत नाही. २००० साली माणसाचं एसएमएन२ त्यात घातलं, तेव्हा कुठे आजारी पिल्लू जन्माला आलं. पुढच्या डेल्टा-७ जातीचं पिल्लू जेमतेम १४ दिवस जगतं. त्याला उताणं ठेवतात आणि स्टॉपवॉच लावतात. निरोगी भावंड पटकन पालथं होतं, हे पाय झाडत पडून राहतं. न्युसिनर्सेन हे एसएमएचं औषध याच एसएमएन२ वर काम करतं. आधी उंदरांत पाहिलं, मग डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

सिडकोवाला: सोयीचं तेवढं उचललंत. ड्यूशेनचं, पोरांचे स्नायू झिजवणाऱ्या त्या आजाराचं बोला की! त्याच्या अभ्यासाचा एमडीएक्स उंदीर १९८४ पासून आहे. आपल्या पोरांसारखंच अंगात डिस्ट्रोफिन हे स्नायूंचं प्रथिन नाही, तरी पठ्ठ्या पळतो. आपली पोरं बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअरवर. असल्या उंदरावर औषध लागू पडलं म्हणून काय नाचायचं?

गंगापूररोडकर: पळतो, पण त्याचा श्वासपटल बघा, माणसासारखाच झिजतो. १९९७ मध्ये डिस्ट्रोफिनसोबत युट्रोफिन हे त्याच्यासारखंच प्रथिनही काढलं, तर उंदीर खंगला आणि लवकर मेला. एकाची उणीव दुसरं प्रथिन भरून काढतं, हे तिथे दिसलं. ही माहिती फुकट आहे का?

पंचवटीतली आई: दोघांचे उंदीर राहू द्या. माझा मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठायचा. पोटऱ्या टणक, भरलेल्या. लोक म्हणायचे, पैलवान होणार! रक्तात एसजीपीटी हे एन्झाइम वाढलेलं, म्हणून कितीतरी महिने लिव्हरचं औषध पाजलं. ते एन्झाइम स्नायूंतूनही येतं, हे एकालाही सुचू नये? सीके, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासलं असतं तर ड्यूशेन तेव्हाच कळलं असतं.

आडगाव नाका (बालरोग): ताई, वाईट वाटलं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. उशिरा चालणारी बहुतेक मुलं पुढे ठणठणीत निघतात. प्रत्येकाला तपासण्या लिहिल्या तर तुम्हीच म्हणाल, डॉक्टर लुटतात.

पंचवटीतली आई: प्रत्येकाला कोण म्हणतंय? एसजीपीटी वाढलंय, कावीळ नाही, पोर जिना चढत नाही. एवढं समोर असताना? डॉक्टर, वाईट वाटून माझे ते महिने परत येत नाहीत.

आडगाव नाका (बालरोग): बरं. अशा मुलाची सीके व्हायलाच हवी होती. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

सिडकोवाला: आणि निदान होऊन तरी काय? एसएमएचं जनुक देणारं इंजेक्शन २०२१ मध्ये १६ कोटींचं होतं. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मदत ५० लाखांपर्यंत, त्यासाठीही सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला केईएम हॉस्पिटल गाठा. मानही न धरणारं लेकरू घेऊन कसारा घाट उतरून बघा एकदा, मग उंदरांचे गोडवे गा.

गंगापूररोडकर: किमतीचा राग रास्त आहे, पण तो उंदरावर का काढता? तुमच्या इंजेक्शनचंच ऐका. २०१० मध्ये डेल्टा-७ पिल्लांना जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी जनुक दिलं, तर ती २५० दिवसांच्या पुढे गेली. दहाव्या दिवशी दिलं, तर जवळपास काहीच फरक नाही. औषध तेच, उशीर नडला. ताई जे सांगताहेत तेच त्या पिल्लांत दिसलं. नवजात बाळांची तपासणी मागायला यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

सिडकोवाला: एसएमएपुरतं मान्य. ड्यूशेनबाबत मी हटणार नाही. आणि ती तपासणी नाशिकच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची व्हावी म्हणून अर्ज करणार असाल, तर माझी सही घ्या.

पंचवटीतली आई: अर्ज मी लिहिते. एसएमएसोबत त्यात सीकेही टाकतेय. डॉक्टर, तुमचीही सही लागेल.