शब्दचर्चा : पापांगीकार, पापकबुली आणि 'पापे पदरी घेणे'

प्रश्न (लेखनिक) :
उपासनेत 'पापांगीकार' ऐकू येतो, प्रार्थनासभेत 'पापकबुली', आणि बायबलातल्या १ योहान १:९ मध्ये 'आपण आपली पापे पदरी घेतली तर' असे आहे. या तिन्हींचा अर्थ एकच का? 'पश्चात्ताप' किंवा 'प्रायश्चित्त' त्यांच्या जागी चालेल का? पापकबुलीनंतर आत्मिक सामर्थ्य पुन्हा मिळते, यावर लेख लिहीत आहे. वाचक सगळेच ख्रिस्ती नाहीत.

प्रतिसाद (पदर) :
१ योहान १:९ मधले मूळ ग्रीक क्रियापद 'होमोलोगेओ'. होमोस म्हणजे सारखे, लेगो म्हणजे बोलणे. देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पापच म्हणणे, त्याला 'स्वभाव', 'परिस्थिती', 'गैरसमज' अशी नावे न देणे, हा त्याचा गाभा. मराठी भाषांतराने यात मालकीची छटा घातली. मुलाला पदरी घ्यावे तसे पाप आपले म्हणून स्वीकारायचे. मला हा शब्दप्रयोग तिन्हींत सर्वांत खोल वाटतो.

पण अख्रिस्ती वाचक इथे अडखळेल. व्यवहारात 'पाप पदरी बांधणे' म्हणजे पापाचा साठा करणे, अगदी उलट. 'पापांगीकार'चीही तीच गत. आपण व्रताचा, तत्त्वाचा अंगीकार करतो, त्यामुळे पापाचा अंगीकार म्हणजे पाप अवलंबणे असे कानाला लागते. तुमच्या लेखात 'पापांची कबुली' ठेवा आणि वचन उद्धृत कराल तिथे एका वाक्यात 'पदरी घेणे' उलगडा. 'कबुलीजबाब' मात्र नको, तो पोलीस चौकीतला शब्द आहे.

प्रतिसाद (कर्ताकर्म) :
शब्द कोणताही घ्या, खरी कसोटी वाक्यरचनेत आहे. मराठीत जबाबदारी टाळायची सोय व्याकरणातच आहे : 'चूक झाली', 'माझ्याकडून राहून गेलं', 'तोंडातून शब्द निघून गेला'. आणि सर्वांत पोकळ म्हणजे 'काही चुकलं असेल तर क्षमा कर'. 'असेल तर' आले की कबुली संपली.

याच्यासमोर यहोशवा ७:२१ मधला आखान ठेवा, लुटीतला निषिद्ध माल चोरून लपवणारा इस्राएली. आपण पाहिले, लोभ धरला, घेतले, आता ते डेऱ्यात जमिनीत पुरलेले आहे, असे तो सांगतो. क्रियापदे त्याची स्वतःची आहेत, आणि मालाची यादीही : शिनारचा एक झगा, २०० शेकेल (जुने वजनमाप) रुपे म्हणजे चांदी, ५० शेकेल वजनाची सोन्याची कांब. रुपे खाली आहे, हेसुद्धा. याला म्हणतात नाव घेऊन कबुली. लेवीय (बायबलातील नियमग्रंथ) ५:५ मध्येही ज्या गोष्टीत पाप केले तीच गोष्ट कबूल करायला सांगितली आहे.

उलट देवाची आज्ञा मोडणारा इस्राएलचा राजा शौल (१ शमुवेल १५). 'मी पाप केले' हे तोही म्हणतो, पण लगेच लोकांच्या भीतीचे कारण देतो, आणि ३०व्या वचनात वडीलजनांपुढे आपला मान राखा अशी संदेष्टा शमुवेलाला विनंती करतो. शब्द बरोबर, मन लौकिकात अडकलेले.

लेखनिक :
आणि पश्चात्ताप, प्रायश्चित्त?

प्रतिसाद (पदर) :
'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप, म्हणजे भावना. नव्या करारातील 'मेटानोइया' म्हणजे मन बदलणे, फिरणे. त्यामुळे नुसता पश्चात्ताप पुरत नाही. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत पस्तावला, याजकांपुढे 'मी पाप केले' म्हणाला, रुप्याची ३० नाणीही परत केली (मत्तय २७), पण देवाकडे वळला नाही. मत्तयाने तिथे 'मेटामेलोमाइ' (पस्तावणे) हे वेगळे क्रियापद वापरले आहे.

'प्रायश्चित्त' जपून वापरा. लेवीयात ते याजक अर्पणाद्वारे करतो. प्रॉटेस्टंट शिकवणीत ते ख्रिस्ताने वधस्तंभावर एकदाच केले, म्हणून 'मी प्रायश्चित्त घेतो' असे तिथे म्हणत नाहीत.

प्रतिसाद (वेदी) :
कॅथलिक वापर वेगळा आहे, तो चुकीचा ठरवू नका. तिथे सद्सद्विवेकाची तपासणी, खेद, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपुढे निवेदन आणि मग नेमून दिलेले प्रायश्चित्त असा क्रम असतो. गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगायची असतात. वर्षातून किमान एकदा निवेदन करावे, हा नियम १२१५च्या लॅटरन परिषदेचा (चर्चच्या धर्मसभेचा). गोव्याच्या कोकणीत याला 'कुमसार' म्हणतात.

प्रतिसाद (कर्ताकर्म) :
आता सामर्थ्याबद्दल. 'शक्ती' टाळा, प्रेषितांची कृत्ये १:८ चा शब्द 'सामर्थ्य' आहे. पुष्कळजण बायबलातल्या महाबली शमशोनाचे उदाहरण देतात, परमेश्वर आपल्याला सोडून गेला हे त्याला कळले नाही म्हणून (शास्ते १६:२०). सामर्थ्य गेल्याचे ते उत्तम वर्णन आहे, पण ते परत मिळताना त्याच्या प्रार्थनेत कबुली नाही. पापात पडलेला दावीद राजा घ्या. त्याच्या स्तोत्र ५१ मध्ये आधी शुद्ध हृदय, मग पवित्र आत्मा काढून न घेण्याची विनवणी, मग तारणाचा आनंद, आणि १३व्या वचनात अपराध्यांना देवाचे मार्ग शिकवण्याची तयारी. इथे सामर्थ्य म्हणजे पुन्हा इतरांच्या उपयोगी पडणे. समुदायाचे उदाहरण हवे तर आखानाच्याच वेळचे आय नगर : त्यावर सुमारे ३,००० इस्राएली चालून गेले, सुमारे ३६ पडले; आखानाने लपवलेले पाप दूर झाल्यावरच नगर हाती आले. आखानाला मात्र देहदंड झाला, हे गाळू नका.

महाराष्ट्रातले उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचे. पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुलींमध्ये १९०५ मध्ये रडून पापे कबूल करण्याची लाट आली आणि त्यातून मुली सुवार्तेसाठी गावोगाव गेल्या. मराठी ख्रिस्ती लोक अशा आध्यात्मिक नवचैतन्याला 'संजीवन' म्हणतात, नुसती 'जागृती' नव्हे.

लेखनिक :
असे वाक्य चालेल का : 'पापांची कबुली दिल्याने सामर्थ्य मिळते'?

प्रतिसाद (पदर) :
'दिल्याने' काढा, त्याने कबुली ही किंमत होते. 'कबुली दिल्यावर देव क्षमा करतो आणि सामर्थ्य पुन्हा देतो' असे लिहा, म्हणजे कर्ता देव राहील.

आणि कबुली कोणापुढे, हेही एका परिच्छेदात सांगा. पाप जितक्यांना लागले तितक्यांपुढे. मनातले देवापुढे, शेजाऱ्याचे शेजाऱ्यापुढे (मत्तय ५:२३-२४, वेदीवरचे दान तिथेच ठेवून), मंडळीत उघड झालेले मंडळीपुढे. मोठ्या सभेत व्यभिचाराचा तपशील सांगितला की दुसऱ्या व्यक्तीची अब्रू जाते. कबुलीच्या ओघात दुसऱ्याची पापे सांगणे तर मुळीच नको. पैशाचे असेल तर गणना ५:७ प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा : १,००० रुपये लाटले असतील तर १,२०० परत. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले होते. याला 'भरपाई' म्हणा, 'दान' नको.