मदत हवी आहे: फायबरच्या समुद्री कयाकच्या मागच्या कप्प्यात पाणी येतंय, पण कुठून ते सापडेना

मंडळी, नमस्कार.

बेळगावात राहून समुद्रातल्या होडीबद्दल विचारतोय, म्हणून आधी काय ते हसून घ्या. आमच्या गल्लीचं हसून झालंय. जिन्यात वळेना म्हणून बोट दोरीने गच्चीवर ओढत होतो, तेव्हा समोरच्या आजी म्हणाल्या, "पूर येणार हाय काय रे यंदा?"

आम्ही चौघं आणि बोटी तीन. एक वडगावचा, घरचे माग आहेत. एक उद्यमबागेत लेथवर. एक खानापूरचा मास्तर. आणि चौथा मी, ज्याच्या गच्चीवर जागा आहे म्हणून यांनी मला घेतलंय. पावसाळा सरला की महिन्यातून एखादा रविवार पहाटे साडेतीनला निघायचं. खानापूर, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट उतरून कारवार. काळी नदीच्या मुखाशी बोटी पाण्यात सोडायच्या आणि देवबागच्या कडेकडेने जायचं. चौथा माणूस किनाऱ्यावर गाडी आणि डबे सांभाळतो, पाळीपाळीने.

दोन बोटी प्लास्टिकच्या आहेत. त्यांना दगडधोंड्याचं काही वाटत नाही, पण चिरल्या तर त्यांना कुठलाच गोंद धरत नाही, वेल्डच करावं लागतं. माझी फायबरची, सोळा फुटी, गोव्यातून जुनी घेतलेली. मागे स्केग आहे. (माहीत नसलेल्यांसाठी: बुडाच्या खाचेतून खाली सोडायचा पंख. बाजूच्या वाऱ्यात बोट सरळ राहावी म्हणून.) पावसाळ्यात बसून तिची सगळी डागडुजी केली. जेलकोटचे (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) टवके भरले, डेकवरचे गंजके स्क्रू काढून उद्यमबागवाल्याने ३१६ स्टीलचे आणून दिले, डेकचा इलॅस्टिक दोर बदलला, हॅचची (सामानाच्या कप्प्यांची डेकवरची तोंडं) रबरी झाकणं धुऊन पुसून ठेवली. कॉकपिट (बसायची जागा) आणि मागचा कप्पा यांच्यामधल्या पडदीत टाचणीएवढं एक भोक दिसलं, तेही एम-सीलने बुजवलं. पुढच्या पडदीपर्यंत हात पोचत नाही, ती तशीच राहिली.

आता मूळ दुखणं. जानेवारीतल्या फेरीला कारवारला पोचलो तर मागच्या हॅचचं झाकण परातीसारखं आत गेलेलं. बोटांनी निघेना. वडगावकराने चमच्याची दांडी घालून कड उचलली तेव्हा 'सूऽऽ' झालं आणि झाकण सुटलं. आम्ही हसलो, आत सुका कपडा आणि भडंग ठेवलं आणि परत लावून टाकलं.

मग पॅडलने खोळंबा केला. मास्तरचं दोन तुकड्यांचं पॅडल मागच्या वेळी न सोडवताच ठेवलेलं. सांध्यात मीठ आणि वाळू, घट्ट बसलेलं. आणि एक पातं उलट्या कोनात! दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने एक हात सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे असं धरून पिळलं. निघेना. शेवटी चहाच्या टपरीवरून गरम पाणी आणून बाहेरच्या नळीवर ओतलं, तेव्हा निघालं. यात गेले दोन तास. बोटी उघड्या वाळूत, उन्हात.

साडेदहाला पाण्यात उतरलो. अर्ध्या तासाने बाजूचा वारा सुरू झाला आणि बोट विचित्र वागायला लागली. एरवी स्केग वर असला की ही वाऱ्याकडे नाक वळवते. त्या दिवशी उलट, वाऱ्याकडे पाठ करून पळायला बघत होती. स्केग खाली सोडावा तर खाचेत खडा अडकलेला, खाली येईना. वडगावकर मागून ओरडला, "शेपूट बुडालंय की रे तुझं!"

मागचं हॅच आपल्या हाताला येत नाही. तो शेजारी आला, आम्ही दोन्ही बोटी चिकटवल्या, पॅडलं दोघांच्या मांडीवर आडवी टाकली. मी त्याच्या बोटीवर रेललो, त्याने अंग टाकून माझ्या मागच्या डेकवर हात पोचवला, झाकण उघडलं आणि कापलेल्या बाटलीने पाणी उपसायला लागला. मी मोजत होतो. पाव लिटरची बाटली, वीस वेळा. शेवटी त्याने भडंगाची पिशवी काढून दाखवली. भडंगाचा लगदा झालेला.

घरी आल्यावर मागच्या कप्प्यात नळीने पाणी भरून बोट गच्चीत दोन टेबलांवर ठेवली, खालून जुने पेपर अंथरले. एक थेंब नाही. नंतरच्या रविवारी भल्या पहाटे हिडकलच्या बॅकवॉटरला नेली, तासभर फिरवली. आत कोरडं ठणठणीत. म्हणजे हिला गोड्या पाण्याचं वावडं नाही, फक्त समुद्राचं आहे काय?

एक गंमत राहिली. कारवारहून परत येताना रामनगरला चहाला थांबलो, तेव्हा तेच झाकण तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म फुगलं होतं.

तर, पाणी कुठून येत असेल? आणि खड्याने अडलेल्या स्केगचं पाण्यात असताना काय करायचं? स्केग खाली-वर करायची केबल जोराने ढकलायची नाही एवढं कळलंय, कारण ती आता थोडी वाकली आहे.

*

उगाच-एक
सोप्पं आहे. हॅचच्या कडेने, स्केगच्या खाचेपाशी, सगळीकडे सिलिकॉन फिरवा. विषय संपला.

*

मालवणी मासा
दादा, सिलिकॉन अजिबात फिरवू नका. एकदा फायबरला सिलिकॉन लागलं की पुढे त्या जागेवर रेझिन किंवा जेलकोट नीट धरत नाही, घासून घासून जीव जातो. मी एका बोटीवर हा उद्योग केलाय.

गळतीचं दुसरं कोणीतरी सांगेल, स्केगचं मी सांगतो. पंखाच्या खालच्या टोकाजवळ बारीक भोक पाडा आणि त्यात नायलॉनच्या दोरीचा छोटा फास अडकवून ठेवा. स्केग अडला की मागून येणाऱ्याने जवळ यायचं, फास धरून खाली ओढायचा, खडा निसटतो. तुम्ही आपले बसल्या जागी गप्प बसायचं. एकट्याने जाणाऱ्याला या फासाचा काडीचा उपयोग नाही, आणि तसं एकट्याने जाऊच नये. किनाऱ्यावरून पाण्यात उतरताना बोट वाळूवरून ढकलत नेता का? खडे तिथेच भरतात. चौघं आहात, उचलून न्या.

वाकलेली केबल सरळ करत बसू नका, बदलाच. सायकलच्या गियरची चालते का हे त्या लेथवाल्याला जाडी मोजून बघायला सांगा.

*

खानापूरची पावसाळी
तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, पण आधी एक सांगा: जाताना-येताना पुढच्या हॅचचं झाकण आत गेलं होतं का? फुगलं होतं का?

*

(धागाकर्ता)
नाही ताई. पुढचं दोन्ही वेळा सपाट होतं. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

*

खानापूरची पावसाळी
मग ते टाचणीएवढं भोक परत उघडा. ते बोट बनवणाऱ्यानेच ठेवलेलं असतं.

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. घरी झाकण लावून इथली हवा कोंडलीत आणि घाट उतरलात. बाहेरचा दाब वाढला, आतला तेवढाच राहिला, झाकणाची परात झाली. परतीच्या वाटेवर त्याच्या उलट, म्हणून भाकरी. पुढच्या पडदीतलं भोक तुमच्या हाताला लागलं नाही म्हणून शाबूत राहिलं, तिथून हवा आपली ये-जा करत होती.

पाण्याचं कारण घाट नाही, कारण तुम्ही कारवारला झाकण उघडून 'सूऽऽ' केलंत, तिथे हिशेब मिटला. पाण्याचं कारण मास्तरांचं पॅडल! दोन तास बोट उन्हात. आतली हवा ४५ अंशांना गेली असं धरू, झाकण जरा सैल होऊन थोडी बाहेर पडली. मग बोट २८ अंशांच्या पाण्यात. हवा थंड झाली, आकसली, पाचेक टक्के. कप्पा शंभर लिटरचा धरला तर पाच लिटरची जागा मोकळी झाली, आणि ती भरायला आत ओढ लागली. पडदीतलं भोक उघडं असतं तर कॉकपिटमधली हवा आली असती. ते बुजलेलं, म्हणून पाणी आलं. बहुतेक स्केगची केबल जिथे खाचेत शिरते तिथून, कारण ती जागा पाण्याखालीच असते. आता तुमच्या वीस बाटल्या मोजा.

गच्चीत ओढ नव्हती म्हणून थेंब नाही. हिडकलला पहाटेच्या गारव्यात गेलात म्हणून तिथेही नाही.

आणि शेपूट जड झालं की बोट वाऱ्याकडे पाठ करते, हे तुमच्या वडगावच्या मित्राने बरोबर ओळखलं.

*

उगाच-एक
म्हणजे गळती थांबवायला भोक पाडायचं? धन्य आहे.

*

खानापूरची पावसाळी
हो. एक-दीड मिलिमीटरचं. कॉकपिट पूर्ण भरलं तरी त्यातून पाणी थेंबथेंबच येतं. कचरा अडकू नये म्हणून वर स्पंजचा तुकडा चिकटवतात काही जण.

*

मालवणी मासा
पटलं. तरी केबलपाशी वायसर तपासाच. ओढ नसली तरी ती जागा कमजोर आहे, हे कळलंच आहे. आणि झाकणांना व्हॅसलिन, पेट्रोलवाली पॉलिशं लावू नका, रबर सुजतं. उन्हातून बाजूला ठेवणं हीच त्याची निगा. पॅडलच्या सांध्यालाही तेल नको, त्यावर वाळू आणखी चिकटते. गोड्या पाण्याने धुवायचं आणि दोन तुकडे वेगळे ठेवायचे. मास्तरांना सांगा.

*

(धागाकर्ता)
मास्तर हा धागा वाचतायत. "माझ्या नावाने प्रकरण मिटवलंत" म्हणाले, आणि पुढच्या खेपेचा नाष्टा त्यांच्याकडून घ्यायचं ठरलं.

आता हकीकत. एम-सील दगड झालेलं. ड्रिल मशीन लावायला धीर होईना, म्हणून उद्यमबागवाल्याने दीड मिलिमीटरचं ड्रिल बिट चिमट्यात धरून दिलं आणि मी कॉकपिटमध्ये डोकं खुपसून ते हाताने पिळत बसलो. पाऊण तास. बाहेर फक्त माझे पाय दिसत होते. आजींनी बघितलं असणारच. शेवटी पलीकडे सुटलं आणि पांढरी भुकटी तोंडावर आली. पडदीला तोंड लावून फुंकून बघितलं, मागच्या हॅचपाशी वडगावकराच्या गालाला वारा लागला.

काल कारवारला जाऊन आलो. अणशी उतरल्यावर गाडी बाजूला घेऊन चौघांनी झाकण दाबून बघितलं, देवळात मूर्तीला हात लावावा तसं एकेकाने. सपाट. बोटी या वेळी माडाच्या सावलीत ठेवल्या, वर ओली चादर. दोन तास पाण्यात होतो. आल्यावर आत अर्धा कप पाणी, तेही केबलच्या बाजूला. वायसर बदलणार आहे, नवी केबल यायची आहे.

स्केगचा फासही झाला. वडगावकराने बांधला. तो मागावर तुटलेला धागा जोडतो तीच गाठ, नाविक लोक शीट बेंड म्हणतात ती हीच, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग त्यांनी आमच्याकडून घेतली असणार." त्यानेच मुद्दाम खडा घालून स्केग अडवला, मागून आला, फास ओढला. पंख टक्कन खाली. मग हाच खेळ त्याने तीन वेळा केला, गरज नसताना.

पण फास वाहत्या पाण्यात फडफडतो, आणि वेग घेतला की बुडाखालून घूंऽऽ असा आवाज येतो. लांबी किती ठेवायची, मालवणी मासा? आमचा चार बोटं आहे. आखूड केला तर वडगावकराचं बोट शिरत नाही, आणि त्याची बोटं जाड आहेत.